मिनिटभर आधी

आईचं तेरावं झालं आणि हेमंत कॉम्प्युटरवरच्या जुन्या नोंदी चाळत बसला. घरातले दिवे-पंखे वेळेवर आपोआप लावणारी यंत्रणा त्यानंच हौसेनं बसवली होती; या नोंदी तिच्याच.

बैठकीतला दिवा पावणेसातला लागायचा. आई मात्र रोज मिनिटभर आधी उठून बटणानं लावायची. दिवाळीत त्यानं वैतागून ते बटणच बंद करून टाकलं. आई नुसती "बरं" म्हणाली.

"बाबा, एका मिनिटासाठी आई कशाला उठायची?"

"दिवा लावला की हात जोडायची ती. आपसूक लागलेल्या दिव्याला कसला नमस्कार, म्हणायची. तू बटण बंद केलंस, मग तिन्हीसांजेला नुसती बसून राहायची."

हेमंतनं बटण पुन्हा चालू केलं. संध्याकाळी वेळेआधीच त्यापाशी जाऊन आईला आठवत उभा राहिला. हात उचलेल तोवर दिवा आपोआप लागला.