पहिलं मानांकन

स्पर्धेचा तक्ता भिंतीवर लागला आणि पोरींनी सरांना उचलूनच घेतलं. हंगामभर जिंकल्यामुळे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला पहिलं मानांकन मिळालं होतं. पहिली फेरी न खेळताच आम्ही पुढे गेलो होतो.

मी मात्र हातमोजे काढून बॅगेत ठेवले. कॉलेजात आल्यापासून मी राखीव गोलकीपर. या शेवटच्या वर्षी पहिल्या फेरीत मला उतरवायचं, असं सरांनी कबूल केलं होतं. पुढच्या फेऱ्यांत ते धोका पत्करणार नव्हते.

यंत्रमागाची पाळी बुडवून पप्पा पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते.

"तू कधी खेळणार गं?"

"आपण पहिले आलो, पप्पा. पहिल्यांना खेळावं लागत नाही."

पप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाला अभिमानानं सांगितलं, "आमच्या पोरीला खेळावंच लागत नाही."