डोंगरावरचं नवं गाव

भरतीचं पाणी चुलीपर्यंत येऊ लागलं, तेव्हा सगळं गाव डोंगरावर हलवायचं ठरलं. नकाशे गावात फारसे कुणाला कळत नव्हते, म्हणून राजधानी सुवाहून आलेल्या आर्किटेक्ट एरोनीने कॉम्प्युटरवर नव्या गावाचं असं चित्र केलं, की लाकडाचे तुकडे जोडून केलेलं मॉडेलच समोर ठेवलंय असं वाटावं. फळ्यांच्या रेषा, छपरांखालच्या सावल्या, सांध्यांतून ओघळून सुकलेला डिंकसुद्धा त्यात होता. ते भल्यामोठ्या कागदावर छापून त्याने सभागृहातल्या चटईवर अंथरलं.

लोक हरखून गेले. "चर्चपेक्षा तुझंच घर मोठं दिसतंय रे," कुणीतरी गावप्रमुखाला टोमणा मारला. एकजण तर ते इवलंसं चर्च चिमटीत उचलायला गेला आणि सगळे खो खो हसले.

तेवढ्यात टारुसिला आजी मागून सरकत पुढे आली. तिची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मघापासून नुसतं हे घर बघ, ते घर बघ चाललंय तुमचं. माझा हात ठेव रे बाळा, आमच्या घरावर," ती एरोनीला म्हणाली.

"आजी, हे नुसतं..." तो सांगू लागला.

तोवर तिने स्वतःच वाकून तळहात टेकवला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरला.

"एकही घर हाताला लागत नाही रे. समुद्र तिथवरही पोचला का?"