वाढलं

“म्हणा, हिराबाई. एकच शब्द हाय,” उस्ताद म्हणाला.

हिराने पिस्तूल मातीच्या बांधाकडे धरलं होतं. मॅगझिन काढलेलं, स्लाइड मागे ओढून अडकवलेली. गोळीच्या घरात तिने करंगळीचं टोक घालून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “वाढलं.”

मागे ओळीत उभे असलेले शिपाई फिस्सकन हसले.

“काय वाढलं, ताई? ज्वारी का बाजरी?” मच्छिंद्रने विचारलं.

सावळाराम उस्ताद हसला नाही. बंद पडलेल्या त्या दगडखाणीत तो सकाळपासून उभा होता. घसा बसला होता, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याच्या आईनेही डब्यातलं पीठ संपलं असं कधी म्हटलं नव्हतं. संपलं, रिकामं झालं, हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत, वाढलं म्हणायचं. त्याला ते ठाऊक होतं. पण ही खाण होती, चूल नव्हे. इथला नियम त्यानेच तीन आठवडे घोकून घेतला होता: धाव संपली की हत्यार रिकामं करायचं आणि मोठ्याने ‘रिकामं’ म्हणायचं. शब्द नाही, तर निवड नाही.

ही स्पर्धा जिल्ह्याच्या पोलिसांत नवीनच होती. एका जागी उभं राहून नेम धरायचा नाही. कमरेचं पिस्तूल काढायचं, दगडांच्या आडोशाने पळायचं, पाच पुठ्ठ्यांवर दोन-दोन गोळ्या मारायच्या आणि मध्येच उभा केलेला पांढरा पुठ्ठा सोडायचा. तो म्हणजे वाटेत आलेला निरपराध माणूस. दोन मॅगझिनमध्ये मिळून बारा गोळ्या. दहा लागायच्या, दोन उरायच्या. चौघांच्या संघात तिघं ठरली होती. चौथ्या जागेसाठी हिरा आणि मच्छिंद्र उरले होते.

हिराने सगळ्या दहा गोळ्या बसवल्या होत्या. पांढऱ्या पुठ्ठ्याला ओरखडाही नव्हता. घड्याळात एकोणीस सेकंद. वर्षातून एकदा रायफल उडवण्यापलीकडे तिने काही केलं नव्हतं. हे सगळं ती इथे, रिकाम्या पिस्तुलावर शिकली होती. संघात का यायचं, तेही तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. संघातल्यांना सहा महिने बंदोबस्त नसणार होता.

“पदकाचं मला काय करायचंय, उस्ताद? दोन दिवस लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर उभी व्हते. पाय माझं न्हाईतसं वाटतंय. घरी पोरगी हाय. मला जरा बसाय मिळू द्या.”

सावळाराम तिला बाभळीच्या सावलीत घेऊन गेला. मच्छिंद्र पट्टा आवळत होता.

“हिराबाई, माझ्या घरीबी वाढलंच म्हनत्यात. पन देवाला काय कळायचं न्हाय हितं. म्हणून टाका अन् मोकळ्या व्हा.”

“देवाचं न्हाई, उस्ताद.”

“मग?”

ती पिस्तुलाच्या रिकाम्या म्यानाकडे बघत राहिली. नवऱ्याच्या जागेवर ती भरती झाली, एवढं सावळारामला माहीत होतं. तो अपघातात गेला, असं कागदावर होतं. कसला अपघात, ते कुणी विचारलं नव्हतं.

“आमचं मालक एका सायबाचं गार्ड व्हतं. घरी पिस्तूल पुसाय बसलं. मी म्हनलं, पोरगी जवळ हाय, बघा. तर म्हनलं, रिकामं हाय गं.” तिने म्यानाचं बटण लावलं. “तेवढंच म्हनलं.”

सावळारामने वही उघडली. दूर खोडदच्या बाजूला रेडिओ दुर्बिणीची एक मोठी तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी होती. त्याने वहीत हिराच्या नावापुढे ‘शब्द नाही’ असं लिहिलं, कारण नियम त्याचाच होता. मग शिट्टी तोंडात धरली.

मच्छिंद्र धावला. चपळ गडी. दहाच्या दहा बसल्या, सतरा सेकंदांत. घाईघाईने त्याने स्लाइड ओढली, सोडली, मॅगझिन काढलं, आणि खाण घुमेल अशा आवाजात ओरडला, “रिकामं!”

ओळीत टाळ्या पडल्या. तीस वर्षं सावळाराम हा शब्द ऐकत आला होता. शब्द ऐकायचा, मान हलवायची, पुढचा माणूस बोलवायचा. आताही मान हलायला निघाली होती. ती थांबली.

“स्लाइड ओढ.”

“उस्ताद, रिकामं हाय की. आधी ओढली ना!”

“मॅगझिन आत असताना ओढलीस. आता ओढ.”

मच्छिंद्रने हसत स्लाइड ओढली. मॅगझिनमधून घरात चढून बसलेली एक जिवंत गोळी टणकन उडाली आणि सावळारामच्या बुटाजवळ मातीत पडली.

टाळ्या थांबल्या. मच्छिंद्रचं हसू तोंडावर तसंच राहिलं. हिराने तिकडे पाहिलंही नाही. ती बाभळीखाली, अखेर, खाली बसली होती.

सावळारामने वाकून गोळी उचलली. गुडघे कुरकुरले. वहीतलं ‘शब्द नाही’ त्याने खोडलं, चौथ्या जागेवर हिराचं नाव लिहिलं, आणि गोळी मच्छिंद्रच्या तळहातावर ठेवली.

“वाढलं न्हवतं,” तो म्हणाला.