सुकरीची आरोळी

सुकरीने पुन्हा तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. समाजमंदिरात बसलेल्या बचत गटाच्या बायका पदराआड हसल्या.

"बोला, सुकरीताई," दिव्यानी म्हणाली. "मोहाचे लाडू घ्या, एवढंच तं म्हनाचं हाय."

दिव्यानीचे आरमोरीला पापड-कुरडयांचे दुकान. दर शनिवारी ती बसने गावात येई आणि वीस रुपयांत धंदा शिकवी. माल कसा मांडायचा, भाव कसा सांगायचा, गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची. पहिल्या दोन गोष्टी सुकरीला चटकन जमल्या. तिसरीपाशी घोडे पेंड खाई. लाडू असे की खाणारा दुसऱ्यासाठी हात पुढे करी. पण विकायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटे. सासरी आल्यापासून तिने चारचौघांत आवाज चढवलाच नव्हता. सासऱ्यांसमोर तर ती भांडेही वाजू देत नसे.

आणि उद्या गडचिरोलीला बचत गटांचे प्रदर्शन होते. सासऱ्यांनी, लहानूभाऊंनी, सकाळीच निकाल दिला होता, "तोंडातून आवाज निघत नसन तं दुकानावर रोशन बसन." रोशन म्हणजे धाकटा दीर. मोहाची फुले वेचायची सुकरीने, भाजायची सुकरीने, लाडू वळायचे सुकरीने, आणि आयत्या बिळावर हा नागोबा! एकदा गल्ल्यावर बसला की तो उठणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. काही झाले तरी गल्ला सोडायचा नाही, असे ठरवूनच ती आज आली होती. पण ठरवून आवाज फुटतो थोडाच.

दिव्यानी वैतागली. "अवो, एवढं भेता काऊन? गिऱ्हाईक काय वाघ हाय?"

"वाघ असता तं वरडलीच असती, मॅडम."

हे मात्र ती खणखणीत बोलली. बायका खदखदल्या, पण खोटे कोणालाच म्हणता येईना. पहाटे मोह वेचायला रानात जाताना सर्वांत पुढे सुकरीच असे. तिची आरोळी ऐकून झुडपातले जनावर वाट सोडते, अशी तिची ख्याती होती.

"मंग तशीच वरडा," दिव्यानी म्हणाली. "आता. इथीच."

सुकरीने डोळे मिटले. सकाळपासूनचा सगळा राग पोटात गोळा केला आणि रानात मारते तशी आरोळी मारली.

"हेऽऽऽ हाऽऽऽ होऽऽऽ!"

छपराचे पत्रे थरारले. दिव्यानी खूश होऊन टाळ्या वाजवणार, तोच बाहेर पळापळ झाली. रानातली ही आरोळी भरगावात उठली, तर तिचा अर्थ एकच होता. काठ्या, कुऱ्हाडी, हाताला लागेल ते घेऊन अर्धे गाव समाजमंदिरासमोर धावून आले. सर्वांत पुढे लहानूभाऊ, काठी उगारून, धापा टाकत.

"कुठी हाय वाघ?"

दिव्यानीचा चेहरा खर्रकन उतरला. वाघाची खोटी हाकाटी कोणतेही गाव सहज माफ करत नाही. हात जोडून ती पुढे निघाली, पण सुकरीने तिला मागे सारले. तिने समोर पाहिले. एवढी माणसे, आणि सगळी तिच्याच तोंडाकडे बघत होती. उद्या गडचिरोलीला तरी दुकानापुढे याहून जास्त कोण थांबणार होते? पदर कमरेला खोचून तिने सरावासाठी आणलेली लाडवांची परडी उचलली आणि पायरीवर येऊन थेट सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"वाघ नाई, मामाजी, मी हाय!" अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ती गरजली. "मोहाचे लाडू, दहाले एक! काठ्या खाली ठेवा अन् पैसे काढा!"