बटणांचा डबा

सगळं ठरल्यासारखं झालं असतं, तर शिंप्याला त्याचे पाय परत मिळणार होते आणि त्याच्या लेकीला नाव. हृदयविकाराच्या गोळीनं त्याच्या पोटऱ्या इतक्या दुखायच्या, की शिलाई मशीनचं पायडल हलेना. लेक प्रयोगशाळेत वनस्पतींवर काम करायची. अशा गोळ्यांपासून स्नायूंना वाचवणारा पानांचा अर्क तिनं सात वर्षं खपून काढला होता.

"बाबा, गोळी सोडायची नाही. सोबत हे दहा थेंब."

"सात वर्षांत दहा थेंब? आणि गिऱ्हाइकं मला उशिरावरून बोलतात!"

तिसऱ्या आठवड्यात मशीन पुन्हा धडधडू लागलं. आल्यागेल्याचं माप घेण्याआधी तो लेकीचं कौतुक ऐकवायचा. लेक रोज गोळ्यांचं पाकीट तपासायची आणि वहीत लिहायची, 'गोळी घेतली. दुखणं नाही.'

पुढच्याच महिन्यात एका सकाळी त्यानं मशीनवरच मान टाकली.

अर्धवट राहिलेल्या सदऱ्याला बटणं लावायला लेकीनं डबा उघडला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या मिसळलेल्या होत्या.

"आई, तुला माहीत होतं?"

"थेंबांनी काहीच फरक पडेना गं. गोळी बंद केली, तेव्हा पाय दुखायचे थांबले. म्हणाले, पोरीचं पहिलंच औषध, त्याला नापास कसं करू?"

लेकीनं गोळ्या वेचून मोजल्या. एकेचाळीस भरल्या. वहीत 'दुखणं नाही' अशा ओळीही एकेचाळीसच होत्या.