काळी बोटं

टक्! मार्करचं झाकण उघडलं तशी निजलेली लेक जागी झाली. परदेशी मासिकं दुकानात जाण्याआधी त्यातलं नको ते काळं करायचं, हे आईचं घरी आणलेलं काम. "वहिनी, ह्या फोटोतला फलक दिसता कामा नये. लोकांच्या डोक्यात नसतं खूळ शिरतं," मालकांनी बजावलं होतं. फोटोत एक बाई लेकीला खांद्यावर घेऊन मंत्र्याच्या दारात उभी होती. हातात फलक, 'मंत्री खोटारडा आहे!' शेजारचा पोलीस पोरीच्या बुटाची नाडी बांधून देत होता. आईने फलकावर मार्कर फिरवला. स्वतःच्याच काळ्या बोटांची शिसारी आली. ह्याच बोटांनी लेकीला भरवायचं. "आई, काय खोडलंस?" लेक मांडीत शिरली. "ह्या मावशीने तिकडच्या मंत्र्याला खोटारडा म्हटलंय, ते." लेकीने पोलिसावर बोट ठेवलं. "हे काका तर नाडी बांधतायत. मग राग आपल्याला का आला?"