धनीबाईच्या बलिया

"आजी, ह्या फक्त दंडात घालायच्या आणि फोटो काढू द्यायचा. 'माझ्या सासूच्या आहेत' असं तुम्ही म्हणालात की झालं," गाडीतून आलेला माणूस म्हणाला आणि त्याने फडक्यातल्या आठ पिवळट बलिया धनीबाईच्या बाजेवर मांडल्या.

हस्तिदंताच्या होत्या. बंजारा सवाष्णी पूर्वी दंडात असल्या बांगड्या घालायच्या, हे तो कुठेतरी वाचून आला होता. तांड्यावरच्या म्हातारीचा फोटो जोडला की पिढीजात ठेव म्हणून त्या शहरात खपणार होत्या. नवरा गेला की बाई बलिया उतरवते आणि धनीबाईचा नवरा रूपला जाऊन सात वर्षं झालीत, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला गडी.

"नातीच्या लग्नाचा सगळा खर्च माझ्याकडे लागला," तो म्हणाला.

धनीबाईने दारात उभ्या निकिताकडे पाहिलं. वैशाखात लग्न होतं आणि घरात अजून कशाचाच पत्ता नव्हता. तरी निकिताने नाक मुरडलं.

धनीबाईने एक बलिया उचलून कडेवरून अंगठा फिरवला.

"सासूच्या बलियायले मीच तेल लावत होती. चाळीस वर्सं दंडावर घासून कड लोन्यावानी मऊ होते. हे तं बोट कापून राह्यली. ह्या हत्तीले मरून वर्स बी नसंन झालं."

"मेलेला हत्ती काय परत येणार आहे, आजी?"

"थेबी खरंच," धनीबाई म्हणाली. "काढा मंग फोटो. पन घाला तुमीच, माहा हात आता वाकत नाही. निकिता, तुह्या फोनात काढ वं. मांगं गाडी बी येऊ दे, मोठी झोकदार हाये."

निकिता दोन पावलं बाजूला सरकली. फोटो झकास आला. म्हातारीचा दंड, त्याचं हसरं तोंड, त्याच्या हातातल्या बलिया आणि मागे गाडीची नंबरपाटी.

"मला पाठव," तो म्हणाला.

"तुमाले कायले?" धनीबाई म्हणाली. "फारेस्टवाल्यायले पाठव, पोरी."

रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेतातली तूर खाल्ली तेव्हापासून वनरक्षकाचा नंबर निकिताच्या फोनात होताच. फोटो गेला. तो माणूस बलियांवर झेपावला, पण धनीबाईने त्या कधीच ओच्यात घेऊन गाठ मारली होती. शेजारच्या बाया उंबऱ्याबाहेर येऊ लागल्या, तशी गाडी लग्नाच्या खर्चासकट धूळ उडवत पसार झाली.

वनखात्याची माणसं येईपर्यंत धनीबाई ओचा धरून बाजेवर बसून राहिली. निकिता तिच्याजवळ टेकली.

"दादी, तुह्या सोताच्या बलिया कुठी हायेत? मी कवा पाह्यल्याच नाही."

"त्या प्लास्टिकच्या होत्या. सासूनं तिच्या देल्या होत्या मले, तं तुहा दादा म्हने, नको. जनावर मारून आनलेलं लेनं माही बायको नाही घालनार. मंग जत्रेतून त्यानंच घेऊन देल्या."

"अन् लोकं हासले नाहीत?"

"हासले ना! सारा तांडा हासला." धनीबाईने पदर सावरला आणि ती ताठ बसली. "बलिया नकली होत्या पोरी. नवरा अस्सल होता."